पेटीतला फोटो

आमच्या तळ्यात पावसाळा आला की कागदाला बुरशी धरते. मरहूम आजोबांचा एकच फोटो, हजच्या पासपोर्टसाठी काढलेला, २ इंचांचा. त्याच्या कडेला डाग दिसले आणि आम्ही घाबरलो. (फोटो भिंतीवर न लावता पेटीत ठेवायचा, हा आमच्या घरचा रिवाज.) घरच्या प्रिंटरवर मोठी प्रत काढली, तर आजोबांची दाढी हिरवट!

कारण मुंबईतल्या कार्यशाळेत कळले. साधा प्रिंटर करडा रंग बराचसा रंगीत शाया मिसळून बनवतो. तोल जरा ढळला की झाक येते. ट्यूबलाइटखाली एक, उन्हात दुसरी. करड्या शाईचे वेगळे कार्ट्रिज असलेल्या प्रिंटरवर हा त्रास फार कमी. शाई पिगमेंटची घ्यावी, ती डायपेक्षा टिकते. २ इंचांचे ८ इंच करायचे तर स्कॅन १२०० डीपीआयवर. आणि आधी छोटी पट्टी छापून पाहायची, कागद काही स्वस्त नसतो.

तिसऱ्या पट्टीत दाढी पांढरी झाली, शेरवानीची बटणेही दिसू लागली. प्रत रात्रभर वाळवून फुफींच्या हाती दिली. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "अब्बांची टोपी काळी नव्हती, चॉकलेटी होती."