दवाखाना फुकट, पण खाडा कोण भरून देणार?



संक्रांतीचे हळदीकुंकू हा आपल्या मंडळाचा सर्वांत जास्त गर्दीचा कार्यक्रम. वाण म्हणून मिळालेले प्लास्टिकचे डबे आणि चाळण्या ठेवायला आता कोणाच्याच घरात जागा उरलेली नाही. म्हणून काही भगिनींनी यंदा सुचवले की, वाणाच्या पैशातून सॅनिटरी नॅपकिनची पाकिटे घ्यावीत आणि ती आमली, मसाट, सामरवरणीच्या चाळींतल्या बायकांना वाटावीत. काहींनी नाके मुरडली. आम्हाला सूचना आवडली. पण वर्षातून एकदा पाकीट वाटून आपण मोकळे होणार असू, तर ती अपुरी आहे. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी आपल्या घरची परिस्थिती पाहू. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दादरा व नगर हवेलीतील १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी जवळजवळ ८० जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. देशाची सरासरी तेव्हा ५३ होती. म्हणजे रक्तक्षयात आपण देशात पहिले आलो! २०१९-२१ च्या पाहणीत आपली नोंद दमण व दीवबरोबर एकत्र झाली, तरीही आकडा साठीच्या वरच राहिला. कारखान्यांच्या धुराड्यांमुळे ज्याला आपण प्रगत म्हणतो, त्या प्रदेशाची ही अवस्था आहे.

यावर कोणी म्हणेल, सरकार काही करत नाही. ते खरे नाही. सिल्वासात विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल आहे, खानवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे, २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. जनऔषधी केंद्रात २०१९ पासून सॅनिटरी नॅपकिन एक रुपयाला एक मिळू लागला. मग अडते कुठे?

अडते ते खाड्यावर. पिपरिया किंवा मसाटच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला जाणाऱ्या बाईने केसपेपर काढायचा, रांगेत उभे राहायचे, रक्त द्यायचे आणि रिपोर्टसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे, म्हणजे दोन दिवसांचा रोज बुडाला. वर ठेकेदाराची बोलणी. दवाखाना फुकट आहे, दिवस फुकट नाही. गोळ्या घरी आल्या, तरी त्या घेतल्यावर मळमळते, शौचाला काळे होते. बाई घाबरून गोळ्या बंद करते. "असे होतेच, उपाशीपोटी घेऊ नकोस, वर लगेच चहा पिऊ नकोस," एवढे सांगायला कोणी येत नाही. त्यात आपल्या भागातील वारली, कोकणा, धोडिया समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. तिथे नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी भागत नाही, आधी तपासणी हवी. हॉस्पिटल आणि चाळ यांच्यामधले हे जे दोन-चार किलोमीटर आहेत, तिथे कोणीच नाही.

ही मधली जागा भरून काढण्याचे काम आपल्याच महाराष्ट्रात झालेले आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. त्यांनी गावातल्याच, बहुतेक अशिक्षित, बऱ्याचशा दलित बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले आणि त्यांच्या पोटापाण्यासाठी छोट्या उद्योगांची जोड दिली. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. बाई सांगत नाही याचा अर्थ तिला दुखत नाही असा नव्हे.

शेजारच्या गुजरातकडेही पाहावे. इलाबेन भट्ट यांच्या 'सेवा' संघटनेच्या बायकांनी १९९० मध्ये लोकस्वास्थ्य सहकारी मंडळी काढली. तिच्या मालक या आरोग्यसेविकाच. अहमदाबादेत त्यांनी स्वस्त औषधांची दुकाने चालवली आणि त्या मिळकतीचा आधार आरोग्याच्या कामाला दिला. आणि आमच्या धंद्यातले उदाहरण म्हणजे म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये ती सुरू झाली. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता, कारण अर्जदार बायका अंगठेबहाद्दर होत्या. त्या शिकल्या आणि पुन्हा गेल्या. बँकेत यायचे म्हणजे मजुरी बुडते हे दिसल्यावर या बँकेने बाईच्या दारात जाऊन पैसे गोळा केले. जे बचतीला लागू, ते रक्ततपासणीलाही लागू आहे.

आता जरा हिशेबाचे बोलू. कोईमतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांनी नॅपकिनचे स्वस्त यंत्र तयार केले आणि ते मोठ्या कंपन्यांना न विकता बायकांच्या गटांना दिले. २०१८ मध्ये त्यावर सिनेमाही आला. तेव्हापासून बचत गट म्हटला की यंत्र, असे समीकरण झाले. कर्ज मागायला आलेले असे गट आम्ही खिडकीच्या आतून पाहिले आहेत. कर्ज मिळणे अवघड नाही. राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियानातील गटांना २० लाखांपर्यंत तारणही लागत नाही. एका गटाचे यंत्र वर्षभरात बंद पडले. बिघडले म्हणून नव्हे, तर माल घेणारा नव्हता म्हणून. एका बाजूला जाहिरातींवर पैसा ओतणाऱ्या कंपन्या आणि दुसऱ्या बाजूला एक रुपयाचा सरकारी नॅपकिन! त्या बायकांनी मजुरी करून हप्ते फेडले. महिला उद्योजकता म्हणून फोटो काढणारे तेव्हा दिसले नाहीत.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, गटाच्या गळ्यात यंत्र बांधू नये. माल आहे, औषध आहे, डॉक्टर आहेत. नाही ते दारापर्यंत पोचणे. धंदा त्याचा उभा करावा. समजा, पाच बायका शिकवून तयार केल्या. त्यांनी पाळी सुटल्यावर चाळींत जायचे, बोटाच्या थेंबावर हिमोग्लोबिन पाहायचे, गोळ्या घेतल्या का ते विचारायचे, नॅपकिन पोचवायचे, जिला गरज असेल तिला नाव-तारीख ठरवून हॉस्पिटलात न्यायचे. कारखान्यांनी दर कामगार बाईमागे महिन्याला ३० रुपये दिले, तर हजार बायकांचे ३० हजार होतात. पाच जणींना अर्धवेळ कामाचे प्रत्येकी ५ हजार आणि तपासणीच्या पट्ट्या, प्रवास यांना उरलेले ५ हजार. यात कोणी श्रीमंत होणार नाही, पण गट चालेल. आणि ३० रुपये म्हणजे तरी किती? आजच्या भावाने दोन-तीन चहा!

कारखानदार का देतील? त्यांना त्याचा फायदा आहे म्हणून. चक्कर येऊन पडणारी कामगार त्यांनाही परवडत नाही. शिवाय २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्याला खर्च करण्याचे बंधन घातले. तो पैसा नुसता बाकडी आणि कमानी यांवर संपू नये, एवढीच आमची मागणी आहे.

एक आक्षेप आमच्याच मित्रांनी घेतला. ते म्हणतात, "आरोग्य ही सरकारची जबाबदारी. तुम्ही तिचा धंदा करता आणि सरकारला मोकळे सोडता." या आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच बाळंतपण, शस्त्रक्रिया, रक्त, औषधे, सिकलसेलची पक्की तपासणी यांतले काहीही सरकारच्या अंगावरून काढू नये. बाईकडून एक पैसा घेऊ नये. प्रशासनाने गटाशी तीन वर्षांचा करार करावा, ठरलेल्या तारखेला पैसे द्यावेत आणि किती बायकांचे रक्त वाढले ते दर सहा महिन्यांनी जाहीर करावे. सरकार हे पक्के गिऱ्हाईक झाले, तर गट टिकतो. नाहीतर तो उद्घाटनापुरता उरतो.

हे मागायचे कोणाकडे? आपल्याकडे विधानसभा नाही. २०२० मध्ये दमण-दीवशी विलीनीकरण झाल्यावर प्रशासन आणखी लांब गेल्यासारखे वाटते. उरतात नगरपालिका, जिल्हा पंचायत आणि एकमेव खासदार. २०२१ च्या पोटनिवडणुकीपासून श्रीमती कलाबेन डेलकर या प्रदेशाच्या पहिल्या महिला खासदार आहेत. पक्ष कोणताही असो, बायकांचा हा प्रश्न त्यांच्यापुढे मांडायला आपण संकोचू नये. आजवर मंडळाने निवेदने दिली ती सभागृहासाठी आणि मराठी शाळेसाठी. ती योग्यच होती. पण आपल्या घरी भांडी घासणारी वारली बाई किंवा खानदेशातून येऊन चाळीत राहणारी कामगार बाई यांच्यासाठी आपण एकही कागद पुढे सरकवलेला नाही.

२ ऑगस्ट १९५४ ला ही भूमी मुक्त झाली. त्या लढ्यात सुधीर फडके यांच्यासारखी मराठी माणसे होती, हे आपण दरवर्षी अभिमानाने सांगतो. त्या नात्याने आपल्यावर काही देणेही येते.

येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही दोन ठराव मांडणार आहोत. एक, वाणाचा यंदाचा निधी पाच बायकांच्या प्रशिक्षणाला द्यावा. दोन, खासदार व प्रशासनाला वरील कराराचे निवेदन द्यावे. विरोध असेल त्यांनी जरूर यावे आणि बोलावे. मात्र सभेला येताना घरच्या बाईला एक प्रश्न विचारून यावे : तुझे रक्त शेवटचे कधी तपासले? आम्ही तो आमच्या घरी विचारला. उत्तर आले, "धाकट्याच्या वेळी." धाकटा आता बारावीत आहे.