हप्त्याचा वार



मागच्या पावसाळ्यात एका मंगळवारी रात्री नऊ वाजता आमच्या वस्तीत सात बायका एका घराच्या उंबऱ्याशी ठिय्या देऊन बसल्या होत्या. आत एक बाई दोन मुलांना घेऊन, दिवा मालवून बसलेली. बाहेरच्या साती जणी तिच्याच कर्जगटातल्या आणि त्यांतल्या चौघी आपल्या संघटनेच्या सभासद. आठ मार्चला ज्या हातांनी फलक धरले, त्याच हातांनी दार बडवले जात होते. कंपनीचा माणूस लांब मोटरसायकलवर बसून होता. तो कोणाला एक शब्दही वाईट बोलला नाही. त्याला गरजच नव्हती.

या अंकाचा विषय कर्ज ठरला तो त्या रात्रीमुळे.

दुसऱ्या दिवशी तिने विचारले, "ताई, नादारी लिहून दिली तर सुटेन का?" प्रश्न भाबडा नाही. नादारीचे कायदे आहेत; मुंबईसाठी १९०९ चा, उरलेल्या महाराष्ट्रासाठी १९२० चा. पण ती कोर्टाची वाट आहे. वकील, तारखा, बुडालेली मजुरी. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत अगदी गरीब कर्जदारासाठी 'नव्याने सुरुवात' असे प्रकरण घातले गेले: वार्षिक उत्पन्न ६०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत, स्वतःचे घर नको. ते प्रकरण अजून लागूच केलेले नाही. बड्या कंपन्यांसाठी संहिता धावली, धुणीभांडी करणारीसाठी ती कागदावर राहिली. तेव्हा नादारीवाचून कर्जातून बाहेर पडणे हा आपल्यापुढचा एक पर्याय नाही, तोच एक रस्ता आहे.

आम्ही वही घेऊन बसलो. या कामाला दोन दुपारी लागल्या, कारण तिला स्वतःलाच सगळे ठाऊक नव्हते. तीन कंपन्यांचे हप्ते महिन्यावर मांडले तर २,४५०, १,९८० आणि २,१००, एकूण ६,५३०. शिवाय सावकाराचे २०,०००, शेकडा पाच, म्हणजे महिन्याला १,००० नुसते व्याज. घरात येणारे पैसे तिचे ५,००० आणि नवऱ्याच्या रंगकामाचे, काम लागले तर, ७,०००. पहिले कर्ज मुलीच्या ऑपरेशनसाठी. दुसरे पहिल्याचे हप्ते फेडायला. तिसरे दिराच्या मोटरसायकलसाठी. अंगठा तिचा, गाडी त्याची. ही गोष्ट ऐकून तुमच्यापैकी कोणी चकित होणार नाही. कंपन्या बायकांनाच कर्ज का देतात याचे उत्तर आपण 'सक्षमीकरण' असे वाचत आलो. खरे उत्तर असे, की बाई घर सोडून पळत नाही आणि तिला लाज वाटते.

आधी सावकार. शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानुसार परवाना नसलेली सावकारी हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि परवाना असला तरी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. आपल्या आज्या ज्याला दामदुप्पट म्हणत तेच हे. तिने २६ महिन्यांत २६,००० व्याज भरले होते! सहा जणी जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयात गेलो, अर्जाची पोच घेतली. चौकशी सुरू होण्याआधीच सावकाराने कोरा स्टँपपेपर आणि सही केलेला कोरा चेक आणून दिला. त्या चेकचीच आम्हाला धास्ती होती. कर्ज थकणे हा गुन्हा नाही, चेक न वटणे मात्र फौजदारी होऊ शकते.

वित्त कंपन्यांना हा सावकारी कायदा लागत नाही, त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियम. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे सर्व कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. इथे निम्मे म्हणजे ६,०००. पण तिसऱ्या कंपनीच्या फॉर्मवर उत्पन्न २२,००० लिहिलेले. कोणी लिहिले? साहेबांनी. सही कोणाची? तिची. उत्पन्न तपासण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्याची आहे, हे आम्ही अर्जात लिहिले आणि हप्ता कमी करून मुदत वाढवून मागितली. दोघांनी दिली. तिसरी कंपनी गप्प राहिली. तीस दिवस थांबून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकली. याच नियमांत सकाळी नऊच्या आधी व संध्याकाळी सहानंतर फोन नको, शिवीगाळ नको, नातेवाइकांना त्रास नको, असेही आहे. त्या रात्री नऊला तिच्या दारात कंपनीचा माणूस नव्हता, आपण होतो. नियम आपल्याला कुठे लागू?

कोर्टाची भीती घालतात त्याबद्दलही सांगून ठेवते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ नुसार पैशाच्या हुकूमनाम्यापायी स्त्रीला अटक करता येत नाही. कलम ६० नुसार स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे जप्त होत नाहीत, धर्मरीतीने बाईला उतरवता न येणारा दागिनाही नाही. मंगळसूत्राच्या प्रतीकावर आपण पुष्कळ वाद घातले. कायद्याने त्याला निदान जप्तीपासून वाचवले आहे.

सर्वांत अवघड गेली ती मोटरसायकल. दीर म्हणे, घरातली गोष्ट बाहेर कशाला? सासू तीन दिवस जेवली नाही. शेवटी गाडी ३१,००० ला विकली, त्यातून तिसऱ्या कर्जाची २८,४०० बाकी एकदम भरली. अशा कर्जाची मुदतीआधी फेड केली तर दंड नसतो. 'बाकी नाही'चे पत्र हातात घेतल्याशिवाय ती त्या कार्यालयातून उठली नाही. (कमी रकमेत तडजोड सुचवली जाते, ती नीट विचारून घ्या, नोंद 'तडजोड' अशी राहते आणि पुढचे कर्ज अडते.)

राहिल्या त्या सात जणी. त्यांची बैठक घेताना मला कठीण गेले, कारण त्यांचेही बरोबर होते. एकीने हप्ता चुकवला की इतरांचे पुढचे कर्ज थांबते, आणि दोघींनी तिचा हप्ता आधी पदरचा भरला होता. ते ९०० रुपये तिने परत केले, पण दोघींपैकी एक अजून तिच्याशी बोलत नाही. आणि गट बांधायला, वहीवर सही करायला, वेळेवर पैसे भरायला या बायकांना शिकवले कोणी? आम्हीच. कंपन्या आमच्या तयार पायवाटेने आल्या, तेव्हा आम्हाला ते आपले यश वाटले होते.

आता दोन कर्जे उरली आहेत, महिन्याला मिळून २,९००. तुमच्या भागात अशी वही मांडली असेल तर तिची नक्कल, नावे खोडून, आमच्याकडे पाठवा. फॉर्मवर लिहिलेले उत्पन्न आणि घरातले खरे उत्पन्न हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहायला विसरू नका. पुढच्या अंकाच्या आधी त्या घेऊन आम्ही रिझर्व्ह बँकेच्या मुंबई कार्यालयात जाणार आहोत.