डासांच्या भटकंतीचा हिशेब

रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत अ‍ॅनोफिलीस डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी सापडले, आणि त्या शोधाची आठवण म्हणून हा दिवस जगभर डास दिन म्हणून पाळला जातो. अलमोड्यात जन्मलेल्या या डॉक्टरला १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले, हेही बहुतेकांना ठाऊक असते. त्यानंतर दोनच वर्षांनी त्यांनी जो प्रश्न जाहीरपणे मांडला, तो मात्र वैद्यकाच्या इतिहासातही कोपऱ्यात पडून राहिला. नगरपालिकांच्या दृष्टीने पाहिले तर मूळ शोधापेक्षा हा प्रश्नच अधिक कामाचा आहे, आणि आपल्या नगरपालिका तो आजही विचारत नाहीत.

डासांच्या पैदाशीच्या जागा नष्ट केल्या तर हिवताप हटेल, हा रॉस यांचा आग्रह होता. त्याला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे, की एका वस्तीतील डबकी बुजवली तरी शेजारच्या रानातून डास येतच राहणार, मग हा खटाटोप कशासाठी? लाहोरजवळच्या मियां मीर छावणीत डास हटवण्याचा प्रयोग फसल्यावर या आक्षेपाला धार आली. रॉस यांनी १९०४ साली सेंट लुईस येथील परिषदेत त्याला उत्तर दिले ते गणिताने. एका विशिष्ट क्षेत्रात डासांची पैदास पूर्ण थांबवली, तर त्या क्षेत्राच्या मध्यभागी, कडेला आणि कडेबाहेर डासांची घनता किती उरेल, असा त्यांचा प्रश्न होता; आणि त्याचे उत्तर डास जन्मल्यापासून मरेपर्यंत किती दूर जातो, यावर अवलंबून होते.

डास सरळ रेषेत प्रवास करत नाही. तो थोडा उडतो, बसतो, दिशा बदलतो, पुन्हा उडतो. या दिशांना काही नियम नाही असे मानले, तर ज्याला गणितात यादृच्छिक भ्रमण म्हणतात तो प्रकार घडतो, म्हणजे प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाशी संबंध न ठेवता वाटेल त्या दिशेला पडते. त्याचा परिणाम सामान्य समजुतीला धक्का देणारा आहे. एका झेपेत २० मीटर जाणाऱ्या डासाने १०० झेपा घेतल्या आणि त्या सगळ्या एकाच दिशेला असल्या, तर तो दोन किलोमीटर दूर पोहोचेल. दिशा वाटेल तशा बदलत राहिल्या, तर मूळ जागेपासूनचे त्याचे अंतर साधारण दहा झेपांचे, म्हणजे २०० मीटरच्या आसपास भरेल, कारण हे अंतर पावलांच्या संख्येच्या नव्हे, तर तिच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. याचा अर्थ बहुतेक डास जिथे जन्मतात तिथल्याच परिसरात मरतात, आणि पुरेसे मोठे क्षेत्र स्वच्छ केले तर त्याच्या मध्यभागी बाहेरचे डास क्वचितच पोहोचतात. एका रेषेवर पुढेमागे जाणाऱ्या डासाचे गणित रॉस यांनी स्वतः सोडवले. मोकळ्या मैदानात चहूदिशांना भटकणाऱ्या डासाचे गणित मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून त्यांनी ते लंडनचे संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांच्यापुढे ठेवले.

पिअर्सन यांनाही ते पूर्णपणे सुटले नाही. जुलै १९०५ मध्ये त्यांनी ‘नेचर’ साप्ताहिकात एक छोटे पत्र लिहून वाचकांची मदत मागितली, आणि त्या पत्रात डासाच्या जागी माणूस घातला: एक माणूस ठरावीक अंतर चालतो, वाटेल त्या कोनात वळतो, पुन्हा तेवढेच अंतर चालतो; असे अनेकदा झाल्यावर तो सुरुवातीपासून अमुक अंतरावर असण्याची शक्यता किती? आठवड्याभरात लॉर्ड रॅले यांचे उत्तर आले. भौतिकशास्त्राचे नोबेल आदल्याच वर्षी मिळवलेल्या रॅले यांनी कळवले, की पावले पुष्कळ असतील तर या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतः १८८० सालीच काढले आहे, तेही ध्वनीच्या अभ्यासात. जीवशास्त्रातल्या प्रश्नाचे उत्तर ध्वनीवरच्या लेखात दडलेले असेल अशी आपली अपेक्षा नव्हती, ही पिअर्सन यांची कबुलीही त्याच साप्ताहिकात छापून आली. बेभान दारुड्याला शोधायचे तर तो जिथून निघाला त्या जागेजवळच शोधावे, हा त्यांचा मिश्कील निष्कर्ष पुढे पाठ्यपुस्तकांत गेला.

डास आणि ध्वनी यांचा संबंध काय, हे कागदावर बाण काढून पाहिले की उलगडते. डासाची प्रत्येक झेप म्हणजे एक बाण: लांबी ठरलेली, दिशा अनिश्चित. ध्वनीच्या प्रत्येक लहरीलाही असाच बाण देता येतो, ज्याची लांबी म्हणजे लहरीच्या चढउताराची उंची आणि दिशा म्हणजे ती लहर त्या क्षणी आपल्या चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते, ज्याला भौतिकशास्त्रात कला म्हणतात. एकाच स्वराचे असंख्य स्रोत एकदम वाजत असतील आणि त्यांच्या कलांचा आपसांत मेळ नसेल, तर कानावर पडणारा एकूण आवाज म्हणजे या सगळ्या बाणांची बेरीज. आणि बाण लहरींचे आहेत की डासांचे, याने बेरजेच्या गणितात काहीच फरक पडत नाही.

बाणांची हीच बेरीज आज मोबाइलच्या लहरींतही घडते. मोबाइल फोन घेऊन शहराच्या गल्लीत चालणाऱ्या माणसापर्यंत मनोऱ्याचा संदेश सरळ क्वचितच येतो. तो इमारती, बस आणि पत्र्याच्या छपरांवर आपटून अनेक वाटांनी येतो, आणि प्रत्येक वाटेची लांबी निराळी असल्यामुळे लहरींच्या कला एकमेकींशी जुळत नाहीत. त्यांची बेरीज कधी भक्कम होते, कधी जवळजवळ शून्य. फोन वीतभर सरकवला तर गेलेला आवाज परत येतो तो यामुळेच, कारण ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते आणि तिच्या निम्म्याएवढ्या अंतरातही बेरजेचा निकाल पालटू शकतो. दूरसंचार अभियंते याला रॅले फेडिंग म्हणतात आणि त्याचा हिशेब १८८० च्या त्याच सूत्राने करतात. संदेशाची शक्ती सरासरीच्या शंभराव्या भागाखाली जाण्याची शक्यता या सूत्रानुसार साधारण शंभरात एक असते. पण पुरेशा अंतरावर दोन अँटेना ठेवल्या, तर दोन्ही एकाच वेळी इतक्या खाली जाण्याची शक्यता दहा हजारांत एक उरते. एकापेक्षा अधिक अँटेना लावण्यामागचे एक मोठे कारण हे आहे.

पिअर्सन यांचे पत्र छापून आले त्याच १९०५ साली आइन्स्टाइन यांनी पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या थरथरण्यामागे हेच भ्रमण असल्याचे स्वतंत्रपणे दाखवले, पण तो भाग बहुश्रुत आहे. एका विषयाचे गणित दुसऱ्या विषयात नेण्याचे मराठी वाचकाला अधिक जवळचे उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यात जन्मलेल्या आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या कोसंबींनी १९४३ साली अनिश्चित स्वरूपाच्या चढउतारांचे परस्परांशी संबंध नसलेल्या घटकांत विघटन करण्याची रीत मांडली, जी पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह या दोघांच्या नावाने संदेशविश्लेषणात रूढ झाली. पुढच्याच वर्षी त्यांनी जनुकांमधील अंतर मोजण्याचे जे सूत्र दिले ते आनुवंशशास्त्रात आजही त्यांच्याच नावाने वापरले जाते. आणि प्राचीन नाणी हातोहात फिरून किती झिजतात, याचा संख्याशास्त्रीय अभ्यासही त्यांनीच केला. असा माणूस आज एखाद्या विद्यापीठात नेमणुकीसाठी अर्ज करील, तर त्याला कोणत्या विभागात बसवायचे यावरच निवड समिती अडेल.

आता नगरपालिकांकडे वळू. मुंबईत चार्ल्स बेंटली यांनी १९११ च्या अहवालात शहराच्या हिवतापाचे मूळ विहिरींत दाखवले, आणि लोकांच्या धार्मिक भावना सांभाळत का होईना, विहिरी झाकण्याचे व बुजवण्याचे काम झाले. ते काम पैदाशीच्या जागेवर घाव घालणारे होते. आजही पालिकेचे कामगार गच्चीवर चढून टाक्यांची झाकणे तपासतात, कुंड्यांखालच्या बशा आणि टायर रिकामे करतात, विहिरींत गप्पी मासे सोडतात. हे कष्टाचे आणि योग्य काम आहे. पण डेंग्यूची बातमी आली की नगरसेवकापासून रहिवाशांपर्यंत सगळ्यांना हवा असतो तो धूर. धूर उडते डास मारतो आणि रुग्णाच्या घराजवळचे संसर्गित डास तातडीने संपवण्यापुरता त्याचा उपयोगही आहे, परंतु पाण्यातल्या अळ्यांना तो धक्का लावत नाही, आणि चार इमारतींपुरता मारला तर आजूबाजूचे भटके डास ती जागा लगेच भरून काढतात. क्षेत्र डासाच्या भटकंतीच्या पल्ल्याहून लहान असेल तर फायदा क्षणिक, हे रॉस यांच्या हिशेबातून थेट निघते.

त्याच हिशेबातून निघणारी दुसरी गोष्ट अधिक गैरसोयीची आहे. स्वच्छ केलेल्या क्षेत्राची कड सरळ आणि लांब असेल आणि पलीकडे काहीच काम झालेले नसेल, तर त्या कडेवर डासांची घनता निम्मीच घटते, कारण तिथे एरवी येणारे निम्मे डास पलीकडून येतात. मुंबईसारख्या शहरात पालिकेची हद्द रेल्वेच्या यार्डाला, बंदराच्या जमिनीला, बंद गिरण्यांच्या आवारांना आणि वर्षानुवर्षे रखडलेल्या बांधकामांना पदोपदी लागून आहे. अशा कडेला राहणाऱ्या कुटुंबाने आपली टाकी कितीही घट्ट झाकली तरी निम्मा त्रास त्याच्या हातात नाही, आणि दंडाची नोटीस मात्र त्यालाच येते.

अर्थात, डास हा पुस्तकातला कण नव्हे. वारा त्याला वाहून नेतो, माणसाचा श्वास आणि घामाचा वास त्याला ओढतो, अंडी घालायला मादी पाणी शोधत जाते. डेंग्यू पसरवणारा एडिस आणि हिवताप पसरवणारा अ‍ॅनोफिलीस यांच्या सवयीही सारख्या नाहीत. रॉस यांचे सूत्र जसेच्या तसे उचलून चालणार नाही, आणि म्हणूनच प्रत्येक शहराचा हिशेब तिथल्या मोजणीवर नव्याने बसवावा लागेल. किती घरे तपासली, किती ठिकाणी अळ्या सापडल्या, किती नोटिसा दिल्या, याची पत्रके पालिका काढतात. त्या आकड्यांवरून काय जाणून घ्यायचे आहे, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. अळ्या सापडलेल्या प्रत्येक जागेचा नकाशावरील ठावठिकाणा आणि तारीख, घरमालकाचे नाव वगळून, आठवड्याला खुली केली, तर संख्याशास्त्राच्या आणि दूरसंचाराच्या विभागांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही त्यावर काम करता येईल. त्यातून पहिले उत्तर हवे ते हे, की रेल्वे आणि बंदराच्या हद्दीत किती मीटर आतपर्यंत काम झाले म्हणजे अलीकडच्या वस्तीची कड सुरक्षित होते. तो आकडा हाती आला की त्या पट्ट्याचा खर्च पालिकेने करायचा की जमिनीच्या मालकाने, हा वाद तरी ठोस पायावर सुरू होईल.