गाडीत चिमणी बोलते तेव्हा



भाताची काढणी उरकल्यावर डिंगोऱ्याला बहिणीकडे दोन दिवस राहून आलो. दाजींकडे पंचवीस वर्षांची डिझेल जीप आहे. शेतातला टोमॅटो, कोथिंबीर ओतूरच्या बाजारात न्यायची, भाव बरा असला तर माळशेज घाट उतरून थेट कल्याण गाठायचे. सगळा संसार त्या चार चाकांवर. या जीपमध्ये दोन महिन्यांपासून चिमणी बोलत होती. चिव् चिव् चिव्, मग गप्प. दोन दिवस काही नाही, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू.

दाजींनी गाडी मिस्त्रीला दाखवली. तिथे गेली की चिमणी गप्प! मिस्त्रीने अंदाजाने फॅनबेल्ट बदलला. आवाज तसाच. मग अल्टरनेटरचे बेअरिंग बदलले. आवाज तसाच. तिसऱ्या खेपेला गाडीखाली सगळीकडे ग्रीस मारले, तेव्हा आठ दिवस शांततेत गेले आणि नवव्या दिवशी चिवचिव पुन्हा हजर. आता तो पाण्याचा पंप बदलू म्हणत होता. भाचीच्या कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे निम्मे संपले होते.

रात्री जेवताना हा विषय निघाला. भाकरी वाढता वाढता बहीण म्हणाली, "दादा, आवाज पुढून येतच नाही. मी मागं क्रेटांपाशी बसते, माझ्या पायाखालून येतो. पण मला कोण इचारतंय?"

दाजी हसले. मला मात्र ते बोलणे पटले. दुसऱ्या दिवशी रात्री माल कल्याणला निघायचा होता. म्हटले, घाट उतरण्याआधी या चिमणीचे घरटे शोधू.

सकाळी पहिली गोष्ट केली ती ही की पान्याला हात लावला नाही. आवाज इंजिनाबरोबर येतो की चाकांबरोबर, एवढेच आधी ठरवायचे होते. गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन कमी-जास्त वेगाने फिरवले. आवाज नाही. मग सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी २० किलोमीटरच्या वेगात गाडी न्यूट्रल केली. इंजिन मंद झाले, तरी चिमणी बोलतच राहिली. म्हणजे बेल्ट आणि अल्टरनेटर दोघेही निर्दोष! त्यांच्यावरचा खर्च फुकट गेला होता.

बेल्टचा आवाज ओळखायची खूणही सांगून ठेवतो. तो बहुधा थंड, ओलसर सकाळी गाडी सुरू करताच येतो. बेल्टवर थोडे पाणी शिंपडले आणि आवाज बदलला, तर दोष बेल्टचा, त्याच्या ताणाचा किंवा पुलीचा समजावा. हे करताना बाही, पदर, मोकळे केस आणि हात फिरत्या बेल्टपासून दूर असावेत. बेल्टला तेल किंवा साबण कधीही लावू नये.

आता राहिली चाके. ब्रेकवर हलका पाय ठेवला, आवाज बदलला नाही. बदलला असता तर ब्रेककडे पाहिले असते. डावी-उजवीकडे वळवून पाहिले, फरक नाही. पडला असता तर चाकाच्या बेअरिंगचा संशय होता. मग भाचीने मागच्या चाकावर खडूची खूण केली आणि आम्ही गाडी सपाट अंगणात हळूहळू ढकलली. चाकाचा एक फेरा होईपर्यंत तिने आवाज मोजले. "मामा, चार-पाच वेळा झाला!" ती म्हणाली.

इथे गुपित उघडले. चाकाचा दोष असता, तर फेऱ्याला एकदा चिवचिव झाली असती. पण चाक एकदा फिरते तेव्हा इंजिनाकडून मागच्या एक्सलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट चार-पाच वेळा फिरतो. आवाज त्या शाफ्टचा होता.

इंजिन बंद केले, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, गिअर न्यूट्रल केला आणि खाली पाहिले. शाफ्टच्या टोकाला जो क्रॉस असतो, त्याच्या चार टोप्यांत बारीक सुयांसारखी बेअरिंगे असतात. मागच्या क्रॉसच्या एका टोपीभोवती तांबूस गंजाची पूड बसली होती. शाफ्ट एका हाताने आणि जोड दुसऱ्या हाताने धरून उलट दिशांना पिळले, तर खेळ लागला. ग्रीस संपून सुया कोरड्या पडल्या होत्या. ग्रीस मारले की काही दिवस गप्प, पावसात भिजले की गप्प, कोरडे पडले की पुन्हा चिवचिव. लहरीपणाचे कारण एवढेच. पण एकदा गंजाची पूड दिसली, की सुया झिजलेल्या असतात. मग ग्रीस हा इलाज नव्हे, क्रॉसच बदलावा लागतो.

हा क्रॉस माळशेजच्या उतारावर तुटला असता तर? इंजिनाचा मागच्या चाकांशी संबंध सुटतो, मग गिअरमध्ये असूनही इंजिन गाडी धरू शकत नाही. शाफ्टचे पुढचे टोक खाली पडले, तर ते रस्त्यात रुतते. काही जुन्या जीपगाड्यांत हँडब्रेकही शाफ्टवरच असतो, तोही निकामी होतो. दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आज कल्याण नको." माल ओतूरलाच दिला. भाव कमी मिळाला.

दुसऱ्या दिवशी आळेफाट्याहून नवा क्रॉस आणला आणि जाणत्या मिस्त्रीकडून बसवून घेतला. शाफ्ट सोडण्यापूर्वी दोन्ही जोडांवर खडूने खुणा केल्या. शाफ्ट पूर्वीच्याच जागी बसला नाही, तर गाडी थरथरते. जुनी टोपी उघडली, तेव्हा आत सुयांऐवजी लाल भुगा निघाला. क्रॉसला आधीच्या खर्चाच्या मानाने फारच थोडे पैसे लागले. एक सांगणे मात्र विसरू नका: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी रिक्षा, टेम्पो, जुनी जीप आहे. आवाज आला की वहीत चार गोष्टी लिहा: गाडी उभी होती की चालत होती, वेग किती होता, हवा कोरडी होती की ओली, ब्रेक दाबल्यावर काय झाले. ती वही मिस्त्रीपुढे ठेवा, म्हणजे अंदाजाने सुटे भाग बदलले जाणार नाहीत. आणि गाडीत मागे कोण बसते, त्यालाही विचारा. निघताना दाजी बहिणीला म्हणाले, "आता पुढं बस." ती म्हणाली, "नको, मागंच बरी. ऐकू येतं."