चेटकीण : काही सोयीचे गैरसमज

चेटूक-जादूटोण्याच्या विषयाकडे वाङ्मयाचे नवखे अभ्यासक प्रायः दोन वाटांनी येतात. एक वाट बालकथांतील झाडूवर बसणाऱ्या चेटकिणीची, दुसरी ‘मॅकबेथ’ अथवा आर्थर मिलरच्या ‘द क्रूसिबल’ (१९५३) या नाटकांची. दोन्ही वाटांवर काही समज आयतेच पदरात पडतात. ते केवळ तपशिलाचे असते तर आम्ही त्यांची दखल घेतली नसती. परंतु त्यांच्यामागे एक समान सोय दडलेली आहे : या प्रकरणातील दोष ते दूरच्या, अडाणी माणसांच्या माथी मारतात.

पहिला समज असा, की हे सारे मध्ययुगीन अंधाराचे फलित. वस्तुतः युरोपातील खटल्यांचा जोर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा, म्हणजे प्रबोधनानंतरचा आहे. चेटकिणी शोधण्याचे शास्त्र सांगणारे ग्रंथ छापखान्यामुळेच सर्वत्र पोचले. १५९७ साली ‘डिमनॉलॉजी’ लिहिणारा स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स हा व्यासंगी पुरुष होता. अज्ञानाइतकीच विद्वत्ताही येथे राबली, हे आपण अध्यापकांनी तरी विसरू नये.

दुसरा समज आकड्यांचा. नव्वद लाख स्त्रिया जाळल्या गेल्या, असे अजूनही लिहिले जाते. आजचे इतिहासकार साधारण चाळीस ते साठ हजार मृत्युदंड मानतात. बळींमध्ये सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या, मात्र आइसलँडमध्ये बहुसंख्य पुरुष होते. आकडा फुगवल्याने अन्याय अधिक मोठा होत नाही. तो केवळ अविश्वसनीय होतो.

तिसरा समज वरकरणी सहानुभूतीचा आहे. बळी पडलेल्या स्त्रिया एका प्राचीन, दडपलेल्या धर्माच्या उपासक होत्या, असे मार्गारेट मरे यांनी १९२१ साली मांडले आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी त्याच धाग्यावर आधुनिक ‘विक्का’ पंथाची परंपरा सांगितली. अभ्यासकांनी हा सिद्धांत केव्हाच नाकारला आहे. आमचा आक्षेप नैतिकही आहे. ‘त्या खरोखरच काहीतरी गुप्त करीत होत्या’ असे म्हणताना आपण नकळत न्यायाधीशाच्याच बाजूला जाऊन बसतो.

सेलमचेही तसेच. १६९२ साली तेथे कोणालाही जाळले गेले नाही. एकोणीस जणांना फाशी झाली आणि जाइल्स कोरी या वृद्धाला दगडांखाली चिरडण्यात आले. मिलरने अकरा-बारा वर्षांच्या ॲबिगेलला सतरा वर्षांची केले, साठीच्या प्रॉक्टरला तरुण केले. नाटककाराला ते स्वातंत्र्य आहेच. पण विद्यार्थी जेव्हा सगळा अनर्थ एका मुलीच्या असूयेवर ढकलतो, तेव्हा न्यायालय त्याच्या नजरेतून निसटते. आरोप करणाऱ्याला दिसलेली छायाकृती त्या न्यायालयाने पुरावा मानली. गुन्हा कबूल करणारे वाचले, तो अखेरपर्यंत नाकारणारे फासावर गेले.

आपल्याकडेही शब्दांपासूनच गोंधळ आहे. हडळ आणि चेटकीण एक नव्हेत. लोकसमजुतीत हडळ हे मृत स्त्रीचे भूत, तर चेटकीण ही जिवंत बाई. हा भेद क्षुल्लक नाही. हडळीला कोणी मारू शकत नाही. सातपुड्याच्या परिसरात ‘डाकीण’ ठरवलेल्या बाईला मात्र मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढले गेले आहे. तिचे घर, तिचे शेत, तिचे वैधव्य यांचा त्या ठरवण्याशी काय संबंध असतो, हा प्रश्न कथेच्या वाचकालाही पडला पाहिजे.

शेवटचा समज कायद्याविषयीचा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. त्याला बोलीत ‘जादूटोणाविरोधी कायदा’ म्हणतात, आणि त्यावरून शासनाने जादूटोण्याची शक्ती मान्य केली असा उलटा अर्थ काढला जातो. प्रत्यक्षात अमुक व्यक्ती करणी करते, गुरांचे दूध आटवते असे सांगून तिचे जगणे असह्य करणाऱ्याला हा कायदा गुन्हेगार ठरवतो. सेलमच्या कायद्याने आरोपी बाईला शिक्षा दिली. हा आरोप करणाऱ्याला देतो.

वाङ्मयाच्या अभ्यासातही नजर अशीच वळावी, असे आम्हांस वाटते. चेटकीण कशी दिसते, हे विचारून फारसे काही हाती लागत नाही. तिला चेटकीण कोणी म्हटले आणि तसे म्हणण्याने त्याला काय मिळाले, येथून वाचनाला आरंभ व्हावा.