ओटा कुणाच्या मापाचा?

लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून, असं म्हणतात. ही म्हण करणारा बाप्याच असणार, असं मला हल्ली पक्कं वाटायला लागलंय. बाईनं केली असती, तर ‘स्वयंपाकघर पाहावं मोडून’ हेही तिनं त्यात घातलं असतं. घर बांधतात तेव्हा माणसं निदान दुसरीकडे राहत असतात. स्वयंपाकघर मोडतात तेव्हा आपण तिथेच असतो, आणि दोन वेळचं जेवण काही थांबत नाही.

आमचं बार्शीचं घर पंचवीस वर्षांपूर्वीचं. स्वयंपाकघर आठ बाय दहाचं. कडप्प्याचा ओटा, खाली उघडे कप्पे, त्यांना मी शिवलेले पडदे, आणि पायाखाली शहाबादी फरशी. सिंकमागची भिंत कायम ओली. शेजारीपाजारी सगळीकडे ट्रॉल्या आल्या, तसं आमच्याकडेही ‘आता किचन करून टाकू’ असं ठरलं. ठरलं म्हणजे आमचे हे, धाकटे दीर आणि मुलगा यांनी जेवताना ठरवलं. मी तेव्हा गरम भाकरी वाढत होते.

मिस्त्रीनं एक कागद आणून दिला. वर ‘श्री.’ लिहून यांचं नाव, खाली ‘किचन काम मटेरियलसह’ आणि समोर एकच आकडा, १,६०,०००. मुदत पंधरा दिवस. प्रत्यक्षात झाले २,३१,००० रुपये आणि दिवस लागले ४७.

वरचे ७१ हजार कुठे गेले, ते मी रोज वहीत लिहीत होते म्हणून सांगू शकते. जुना ओटा फोडून राडारोडा ट्रॉलीनं उचलून न्यायचे ९ हजार. भिंत फोडल्यावर आतला लोखंडी पाइप गंजून चाळण झालेला निघाला, तो बदलायला १४ हजार. मिक्सर, फ्रिज, चिमणी यांचे विजेचे पॉइंट ११ हजार. ग्रॅनाइटची कड गोल करायचे ६ हजार, कारण दगड चौरस फुटानं आणि कड धावत्या फुटानं, असे दोन वेगळे हिशेब असतात. ट्रॉल्यांचे चॅनेल आणि बिजागऱ्या ‘जरा चांगल्या’ घेतल्या त्याचे १६ हजार. रंगाचे ८ हजार. आणि ‘किरकोळ’ या नावाखाली ७ हजार. गंमत म्हणजे सिंकचं भोक पाडायची मजुरी वेगळी, आणि त्या भोकातून जो दगडाचा तुकडा निघाला, त्याचेही पैसे आपणच आधी मोजलेले! तो तुकडा मी मिस्त्रीला नेऊ दिला नाही. आता त्यावर लसूण ठेचते.

मिस्त्री लबाड होता असं मी म्हणणार नाही. पण पंचवीस वर्षांच्या घरातला लोखंडी पाइप गंजलेला असणार, हे त्याला पहिल्या दिवशी ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. एकच गोल आकडा लिहिलेला कागद म्हणजे एस्टिमेट नव्हे, ते आमंत्रण आहे. मोडतोड, नळकाम, वीज, दगड, सुतारकाम, हार्डवेअर आणि रंग, प्रत्येकाचा आकडा वेगळा मागा. जो देत नाही, तो त्यातलं काहीतरी नंतर मागणार आहे.

पण मैत्रिणींनो, पैशाचं एक वेळ जाऊ द्या. मला खरं बोलायचंय ते ओट्याच्या उंचीबद्दल.

दगड बसवायच्या आदल्या दिवशी मिस्त्रीनं यांना विचारलं, ‘साहेब, ओटा किती उंच ठेवायचा?’ हे म्हणाले, ‘ठेवा की नेहमीचा.’ आता यांना नेहमीचा म्हणजे किती हे कसं माहीत असणार? ओट्याशी ते उभे राहतात ते पाणी प्यायला. मी आतून आले आणि म्हटलं, ‘माप माझं घ्या.’ मिस्त्री हसला. म्हणाला, ‘वहिनी, ओट्याचं माप असतं, बाईचं नसतं.’

नेमकं इथेच सगळं चुकतं. तयार मॉड्युलर कपाटं येतात ती साधारण ३४-३५ इंच उंचीच्या ओट्याच्या हिशेबानं. हे माप परदेशातल्या उंच बायकांना ठीक. आपल्याकडच्या बाईची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास. मी तर चार फूट अकरा इंच! कोपरात हात वाकवून उभं राहिलं की जमिनीपासून कोपरापर्यंत माझं माप भरतं ३७ इंच. चिरणं, निवडणं अशा कामांना ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली हवा, म्हणजे माझ्यासाठी ३१ ते ३३. पोळी लाटायला, कणीक तिंबायला वरून जोर द्यावा लागतो, तिथे आणखी खाली चालतो. आणि गॅसचं तर वेगळंच. ओट्यावर शेगडी चार-पाच इंच, तिच्यावर पातेलं सहा इंच. ३४ इंचांच्या ओट्यावर पातेल्याचा काठ माझ्या छातीशी येणार. मग हात खांद्यापर्यंत उचलून ढवळायचं, फोडणीची वाफ थेट तोंडावर, आणि चाळिशीनंतर खांदा दुखला की आपणच म्हणायचं, ‘वय झालं आता!’ वय कसलं? ओटा उंच झालाय.

आमच्याकडे तर ज्वारीची भाकरी. परातीत पीठ मळून तळव्यानं थापायची असते. उंच ओट्यावर भाकरी थापून बघा, मनगटं दुसऱ्या दिवशी बोलतात. माझ्या सासूबाई अजून पाटावर बसून थापतात, आणि त्यांच्या खांद्याची तक्रार मी तरी कधी ऐकली नाही. गुडघ्यांची मात्र ऐकते, ते सोडा.

शेवटी ओटा दोन उंचींचा केला. चिरायचा भाग ३२ इंच आणि गॅसचा भाग २८. मिस्त्री म्हणाला, ‘खाली सिलिंडर बसणार नाही, आणि दिसायलाही बरं दिसणार नाही.’ सिलिंडर शेजारच्या उंच भागाखाली ठेवला. दिसण्याचं काय, पाहुणे ओट्याकडे वर्षातून दोनदा बघतात. मी त्याच्यापाशी रोज उभी असते. आणि हो, सिलिंडरच्या कप्प्याच्या दाराला खालच्या बाजूला जाळी ठेवायला लावा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. कॅटलॉगमधल्या गुळगुळीत दारांना अशी जाळी कधी दिसत नाही, कारण त्या फोटोत सिलिंडरच नसतो.

त्या फोटोंत आणखी काय नसतं, ते एकदा शांतपणे बघा. वर्षाच्या ज्वारीची कोठी नसते. उन्हाळ्यात केलेल्या कुरडया-पापडांचे डबे नसतात. तिखटाची बरणी, लोणच्याची बरणी, पुरणयंत्र, मोदकपात्र, काही नाही. एका टोपलीत सफरचंदं आणि एक फुलदाणी. एवढ्यावर ज्यांचं भागतं, त्यांनी खुशाल ते किचन करावं. आपल्याला आधी डबे मोजून, त्यांची उंची पट्टीनं मापून मग ट्रॉल्या सांगाव्या लागतात. मी मोजले. बेचाळीस निघाले. त्यातले अकरा ट्रॉलीत मावणार नाहीत असे उंच होते, त्यांच्यासाठी एक कप्पा विनाट्रॉलीचा ठेवला.

ओट्याखाली सगळं प्लायवूडच हवं, असा मिस्त्रीचा आग्रह होता. मी कडप्प्याचेच उभे-आडवे कप्पे ठेवले आणि फक्त दारं प्लायची केली. कडप्पा हा चुनखडीचाच प्रकार, म्हणून ओट्यावर लिंबू-चिंचेचे डाग पडतात. वर ग्रॅनाइट घ्यावा हे खरं, पण खालच्या कप्प्यांना कडप्प्याला तोड नाही. पाण्यानं तो फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही. प्लाय घ्यायचंच असेल तर सिंकजवळ तरी मरीन घ्या, आणि शीटवर आयएस ७१० हा शिक्का आहे का ते कापायच्या आधी स्वतः बघा. कापल्यावर आणि सनमायका चिकटवल्यावर सगळी लाकडं सारखीच दिसतात.

स्टीलचंही तसंच. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, ‘बघा ताई, चिकटत नाही, म्हणजे अस्सल ३०४.’ यात अर्धं सांगितलेलं असतं. २०२ नंबरच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही, आणि ते ३०४ पेक्षा लवकर गंजतं. भावात मात्र चांगला फरक असतो. म्हणून नंबर बिलावर लिहून घ्यायचा.

बिल म्हटलं की सगळे अडखळतात. ‘बिल कशाला, १८ टक्के वाचतील ना,’ असं दुकानदार म्हणतो, आणि घरातल्या पुरुषांना ते लगेच पटतं. आमच्या गल्लीतल्या एका बाईंच्या ट्रॉल्या दुसऱ्या पावसाळ्यात गंजल्या. ३०४ म्हणून घेतलेल्या. दुकानात गेल्या तर, ‘आमच्याकडूनच घेतल्या कशावरून?’ कागद काहीच नाही. पक्कं बिल असतं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता आलं असतं, आणि माल ५ लाखांपर्यंतचा असेल तर तिथे तक्रारीला फीसुद्धा पडत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तो फ्रिजवर लावून ठेवायला हरकत नाही. वाचलेले १८ टक्के त्या बाईंच्या ट्रॉल्यांनी दोन वर्षांत खाऊन टाकले.

आता ज्याचा कुठल्याच कागदावर आकडा नाही, त्या खर्चाबद्दल. ४७ दिवस आमचं स्वयंपाकघर मागच्या पडवीत होतं. एका शेगडीवर पाच माणसांचा स्वयंपाक. पाणी न्हाणीतून बादलीनं आणायचं, भांडी तिथेच उकिडवं बसून घासायची. ग्रॅनाइट कापतात तेव्हा जी धूळ उडते, ती फडक्याखालच्या पिठातही जाते. त्यातून मिस्त्री आणि त्याच्या दोन पोरांना दिवसातून तीनदा चहा. बारा दिवस मेसचे डबे आणले, त्याचे ५,४०० रुपये माझ्या भिशीतून गेले, ते २,३१,००० मध्ये धरलेले नाहीत. आणि माझे रोजचे दोन-अडीच तास जास्तीचे, ते तर कुणी धरतच नाही.

केंद्र सरकारनं २०२४ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, असं त्यात निघालं. जे पुरुष घरकाम करतात, ते ८८ मिनिटं. २८९ मिनिटं म्हणजे पावणेपाच तासांच्या वर! एखाद्या कारखान्यात रोज पाच-पाच तास एकाच यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला न विचारता यंत्र बदलत असतील का? आपल्याकडे मात्र स्वयंपाकघराचा निर्णय बैठकीच्या खोलीत होतो. रंग विचारतात हो बाईला. ‘तुला केशरी हवा की पिस्ता?’ एवढं विचारलं की झालं, बायकोच्या मनासारखं किचन केलं! कागदावर नाव यांचं, आगाऊ रक्कम यांच्या हातची, मिस्त्रीचे फोन यांना. आणि सुतार दुपारी दार उलटं बसवतो, तेव्हा घरात आपण असतो.

काही जणी म्हणतात, ‘आम्हाला त्यातलं काय कळतं?’ आपल्याला वर्षाची ज्वारी मुठीत घेऊन पारखता येते, साडीचा पोत बोटांत कळतो. प्लायवरचा शिक्का वाचणं याहून अवघड आहे का?

म्हणून मी काम अर्ध्यावर आल्यावर एक गोष्ट मागून घेतली. पुढचे सगळे हप्ते माझ्या हातून जातील. जेवढं काम होईल तेवढेच पैसे, आणि शेवटचा हप्ता सगळं वापरून बघितल्यावर. मिस्त्रीला ते आवडलं नाही. दोन दिवस आलाच नाही. दीर म्हणाले, ‘वहिनी, कशाला ताणताय, काम अडेल.’ तिसऱ्या दिवशी तो आला, कारण हत्यारं आमच्याकडेच होती.

काम झालं तेव्हा नातेवाईक बघायला आले. ट्रॉल्या ओढून बघितल्या, चिमणी चालू करून बघितली, आणि यांना म्हणाले, ‘छान केलंत हो किचन!’ मी चहा टाकत होते, २८ इंचांच्या ओट्यावर. खांदा दुखला नाही, एवढं खरं.

शेवटच्या हप्त्याचे १२ हजार अजून माझ्याच डब्यात आहेत. सिंकखालचं दार नीट लागत नाही, त्याचं बिजागर बदलून द्यायचं आहे. परवा मिस्त्रीनं यांना फोन केला, ‘साहेब, तेवढा हिशेब पूर्ण करून टाका ना.’ हे पेपर वाचत होते. म्हणाले, ‘वहिनींशी बोला,’ आणि फोन माझ्याकडे दिला.