एका शब्दाची किंमत

शब्दांचे अर्थ लावून कोणाचे पोट भरते, असा प्रश्न मराठीच्या प्राध्यापकाला नेहमी ऐकावा लागतो. माझे उत्तर ठरलेले आहे : बार्शी लाइट रेल्वेची हकीकत ऐका!

वारकऱ्यांना पंढरपुरास नेणारी ही चिमुकली गाडी एका खासगी कंपनीची. १ जानेवारी १९५४ रोजी ती सरकारने ताब्यात घेतली. कंपनीने आधीच नोटीस देऊन ३१ डिसेंबरला साऱ्यांची नोकरी संपवली. बहुतेकांना सरकारने पुन्हा कामावर घेतले. पण जुन्या नोकरीचे काय? १९५३ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेली कपातीची भरपाई लोकांनी मागितली. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ‘कपात’ या एका शब्दावर येऊन ठेपला. धंदा चालू असताना जादा माणसे कमी करणे ही कपात. धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला, तर ती कपात नव्हे, असा अर्थ २७ नोव्हेंबर १९५६ रोजी लागला. भरपाई गेली!

मग १९५७ साली संसदेने कायदाच सुधारला. धंदा बंद पडो वा विकला जावो, वर्षभर सलग नोकरी झालेल्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर पुऱ्या वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार मिळू लागला. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही हे राखले आहे. कारकून यात येतो, व्यवस्थापक नाही. धंदा बंद करताना ‘तोटा आला’ एवढ्याच सबबीवर मालकाला ही रक्कम कमी करता येत नाही.

धंदा दुसऱ्याकडे गेला, तर मात्र एक अपवाद आहे. नोकरीत खंड नाही, अटी पूर्वीपेक्षा वाईट नाहीत आणि पुढे कपात झाल्यास जुनी वर्षे धरून भरपाई देण्यास नवा मालक बांधलेला आहे, या तिन्ही गोष्टी असतील, तर भरपाई नाही.

गेल्या वर्षी एक जुना विद्यार्थी दोन कागद घेऊन आला : एक राजीनामा, दुसरे नव्या कंपनीचे नेमणूकपत्र. नोकरी चौदा वर्षांची. ‘‘सर, दोन्हींवर उद्या सही मागितलीय.’’

मी म्हटले, ‘‘बाबा रे, राजीनामा म्हणजे तू आपण होऊन नोकरी सोडलीस. घाई करू नकोस. ‘मागील सेवा अखंड धरली जाईल’ हे आधी लिहून माग, आणि वकिलाला दाखव.’’

वाचकहो, दिवाळीच्या झाडलोटीत नेमणुकीचे पहिले पत्र आणि पगाराच्या चिठ्ठ्या तेवढ्या रद्दीत घालू नका. चौदा वर्षे आपण होऊन बोलत नाहीत. त्यांच्या वतीने कागदालाच बोलावे लागते.